कोमलचा गुलाबी मासा

२८ नोव्हेंबर १९८८, सोमवार

मेडिकलवाले दौलतराव म्हणाले, रोज थोडं लिहीत जा, डोक्यातला घोर कागदावर उतरला की प्रेशरही उतरतं. म्हणून ही वही. सुजाताची आहे, तिच्या नर्सिंगच्या अभ्यासाची. पुढच्या पानांवर हाडांची नावं आहेत, म्हणून मागून सुरुवात केली.

काल उल्हासनगरला चष्म्याची काडी बदलायला गेलो होतो. कॅम्प दोनला अंजना दिसली. माझी थोरली. तिने सिंध्याच्या मुलाशी लग्न केलं तेव्हापासून सहा वर्षं बोलणं नाही. गेल्या वर्षी तिची आई, पुतळाबाई, वारली तेव्हा आली होती, पण तेव्हा मी मान वर केली नव्हती. काल केली. बरोबर तिची मुलगी होती, कोमल. माझ्याकडे बघून आईला म्हणाली, ये कौन है. अंजना म्हणाली, नाना.

अठरा डिसेंबरला कोमल पाच वर्षांची होते. मी म्हणालो, वाढदिवस आपल्याकडे करू, कात्रपला. अंजना बघतच राहिली. मी म्हणालो, केकसुद्धा मी घरी करीन, हवा त्या आकाराचा. ती म्हणाली, आबा, तुम्हाला चहा तरी येतो का अजून? मी म्हणालो, येतो.

(चहा शेजारची जनाबाई देते. पण शिकता येईल.)

मोठं मन मीच केलं. नोंद करून ठेवतो.

३० नोव्हेंबर, बुधवार

वाढदिवसाचं सुजाताला कळवलं पाहिजे. आंतरदेशीय पत्र आणलं. वर पत्ता घातला. कु. सुजाता किसन भालेराव, नर्सेस हॉस्टेल, नाशिक. पत्ता छान आला. आतला मजकूर सुचला नाही. फडताळावर ठेवलं.

सुजाता धाकटी. एप्रिलमध्ये नाशिकला गेली, नोकरी लागली म्हणून. जनाबाई सगळ्या बिल्डिंगला सांगते की मी घालवली. ते खरं नाही. झालं एवढंच की तिच्या पर्समध्ये कोमलचा फोटो निघाला, आणि कळलं की ही दर रविवारी ड्युटी आहे सांगून अंजनाकडे जाते. मी म्हणालो, त्या घरी जायचं असेल तर ह्या घरी येऊ नको. माणूस बोलतो. तिने बॅग भरली. मी बॅग भर असं म्हणालो नव्हतो.

आता त्याच घराला मी जेवायला बोलावलं आहे, हे पत्रात कसं लिहावं? ती विचारेल, मग माझं काय चुकलं होतं? लेकीवर बापाला असं विचारायची वेळ येऊ नये. तिच्याच भल्यासाठी थांबलो आहे.

१ डिसेंबर, गुरुवार. संध्याकाळ

दौलतरावांच्या दुकानातून फोन केला. अंजनाचा नवरा हरेश बोलला. कापडाचं दुकान आहे त्याचं. बाबूजी बाबूजी करत होता. आवाज सभ्य आहे. मग कोमलला दिलं. मी विचारलं, बेटा, बर्थडे को क्या चाहिए? लाइनमध्ये नुसती खरखर. ती म्हणाली, नाना, मुझे मासी चाहिए. मी म्हणालो, क्या? ती ओरडून म्हणाली, मासी. मी म्हणालो, मिलेगी.

लगेच उलगडा झाला. घरात हिंदी, आई मराठी. मासा हा आपल्याकडे पुरुष, पण हिंदीत मछली बाईमाणूस. म्हणून पोरीने माशाची मासी केली. पाच वर्षांची पोर आणि एवढं व्याकरण. आमच्याकडून गेलेलं आहे.

दौलतराव म्हणाले, किसनभाऊ, फोन दुसऱ्या कानाला लावून बघा कधीतरी. टोमणा आहे. माझे कान ठणठणीत आहेत. एकतीस वर्षं अंबरनाथला काडेपेटीच्या कारखान्यात पेटी मशीनच्या शेजारी उभा राहिलो, एकदाही डॉक्टरला कान दाखवावा लागला नाही.

केक माशाचा. ठरलं.

३ डिसेंबर, शनिवार

मांजर्लीला नदीवर जाऊन आलो. करायचं तर बघून करायचं. एका कोळणीच्या पाटीत रोहू होता, कोपरापासून बोटांपर्यंत लांब. खवले कसे एकावर एक बसतात ते वाकून बघत होतो. ती म्हणाली, बाबा, घ्यायचा का लग्न लावायचंय? मी म्हणालो, नमुना बघतोय. ती शेजारणीला म्हणाली, नमुना म्हणे, आणि दोघी हसल्या.

खवले खालच्या बाजूने सुरू करायचे आणि वर चढायचं, कौलांसारखे. शेपूट दुभंगलेलं. डोळा बाजूला, एकच दिसतो.

पत्राला आजही वेळ झाला नाही.

४ डिसेंबर, रविवार

पहिला प्रयत्न. जनाबाईने सांगितलं होतं, कुकरच्या तळाला वाळू, वर डबा, पाणी घालायचं नाही, शिट्टी आणि रबर काढून ठेवायचं. मी वाळू घातली, शिट्टी काढली, रबर काढलं. मग वाटलं, बिनपाण्याचा कुकर जळेल. म्हणून थोडं पाणी घातलं. अर्धा तांब्याच.

इडली झाली. गोड.

जनाबाईने चाखली. म्हणाली, भाऊ, सांगितलेलं आयकत नाय का आयकू येत नाय? मी म्हणालो, ऐकलं होतं, सुधारणा केली. ती म्हणाली, पुतळाबाई असती तर ही सुधारणा तुमच्याच ताटात वाढली असती.

खरं आहे. संध्याकाळी मीच संपवली.

६ डिसेंबर, मंगळवार

सकाळी तथागत आणि बाबासाहेबांच्या फोटोपुढे मेणबत्ती लावली. वंदना एकट्याने म्हटली. दरवर्षी सुजाता म्हणते आणि मी मागून म्हणतो. आज मधल्या दोन ओळी सुटल्या. पुढे कोणी म्हणणारं नसलं की मागच्याला आठवत नाही.

मेणबत्तीवरून नवीन काळजी. वाढदिवसाला पोरं मेणबत्त्या फुंकतात. आपल्या घरात लावलेली ज्योत फुंकून विझवत नाहीत. पण कोमलला फुंकायची सवय असणार. नाही म्हटलं तर रडेल, हो म्हटलं तर फोटोसमोर बरं दिसणार नाही.

तोडगा काढला. पाच मेणबत्त्या केकवर न लावता बाजूला ताटलीत लावायच्या. संपतील तेव्हा संपतील. हरेशला सांगायचं, आमच्यात असंच असतं.

हा तोडगा सुजाताला आवडला असता. तिला लिहिण्यासारखं आहे. पत्र काढलं. मेणाचे हात लागतील म्हणून परत ठेवलं.

११ डिसेंबर, रविवार

दुसरा प्रयत्न. जनाबाईने तिचा विजेचा ओव्हन दिला, ॲल्युमिनियमचा गोल, झाकणाला मधोमध काच. चाळीस मिनिटं काचेतून बघत बसायचं. पंचवीस मिनिटांनी लाइट गेली. दोन तासांनी आली. वरून सोनेरी, आतून पिठलं.

अंजनाला वाटतं मला काही जमणार नाही. तिच्या आईलाही वाटायचं. सुजाताला मात्र वाटायचं की आबांना सगळं जमतं, फक्त कबूल करणं जमत नाही. असं ती एकदा म्हणाली होती. तेव्हा मी ताट सरकवून उठलो होतो. आज का आठवलं कोण जाणे.

१४ डिसेंबर, बुधवार

प्रश्न आकाराचा. ओव्हन गोल, म्हणून केक गोल. मासा लांबट. मी सुरीने दोन्ही बाजू तासल्या. जनाबाई दारातून म्हणाली, ही तर चप्पल. मी म्हणालो, अजून शेपूट लावायचंय. ती म्हणाली, मंग अंगठ्याची चप्पल.

मग पदर खोचून तीच बसली. आगऱ्यांची बाई, मासा तिला डोळे मिटून कळतो. गोल केकमधून समोर त्रिकोणी फोड कापली. झालं उघडं तोंड. तीच फोड उचलून मागे उलटी लावली. झालं शेपूट. काही वाया गेलं नाही, काही जोडावं लागलं नाही. अर्धं मिनिट लागलं.

मी म्हणालो, हेच माझ्या डोक्यात होतं. ती सुरी पुसून उठली.

१५ डिसेंबर, गुरुवार

उल्हासनगरहून गुलाबी रंग, व्हॅनिला इसेन्स, पिठीसाखर आणली. दुकानदार म्हणाला, साईं, बेकरी खोल रहे हो क्या? मी म्हणालो, नातीचा बर्थडे. तो म्हणाला, मुबारक. अनोळखी माणसाने मुबारक म्हटलं तर छाती भरून येते, हे वयामुळे होत असावं.

अंडी घालावीत की नाही याची काळजी लागली होती. फोन करून विचारलं. अंजना म्हणाली, सगळं खातात आबा, तुम्ही आम्हाला काय समजता? मी काही समजत नव्हतो. विचारलं फक्त.

आज सुजाताला पत्र टाकलं तरी रविवारपर्यंत पोचेल याची खात्री नाही. पोस्टाचा कारभार असा. उशिरा पोचलेलं निमंत्रण अपमानासारखं असतं. त्यापेक्षा वाढदिवस झाल्यावर सविस्तर लिहीन.

१६ डिसेंबर, शुक्रवार

दौलतरावांनी हाक मारून निरोप दिला. अंजनाबाईंचा फोन होता, म्हणाल्या, कोमल सगळ्या गल्लीत सांगत फिरतेय, नानांकडे मासी येणार. नक्की ना, एवढं विचारायला सांगितलंय.

मी म्हणालो, कळवा, नक्की. रंगसुद्धा आणलाय.

दौलतराव म्हणाले, रंग? मी म्हणालो, गुलाबी. ते गिऱ्हाइकाकडे वळले.

१७ डिसेंबर, शनिवार. दुपारी ४

केक उत्तम भाजला. लाइट गेली नाही. बाजूला काढला, फुटला नाही. त्रिकोण मीच कापला, शेपूट मीच लावलं. कल्ल्याच्या जागी चमच्याने बाक काढला. डोळ्याला मनुका.

आता खवले. लोणी आणि पिठीसाखर फेसून गुलाबी केलं. दुधाची पिशवी धुऊन, कोपरा कापून, त्यातून दाबायचं असं जनाबाईने सांगितलेलं. दाबलं तर पिशवी शिवणीतून फुटली. निम्मं शर्टावर. दुसरी पिशवी नाही. वर्तमानपत्राचा कोन केला, तो लोण्याने विरघळला, आणि एका खवल्यावर कसल्यातरी बातमीची शाई उमटली.

जाड कागद पाहिजे होता. जाड, गुळगुळीत, कडेला गोंद असलेला. घरभर शोधलं.

फडताळावर होता.

आत काही लिहिलेलं नव्हतंच. रिकामं पत्र म्हणजे कागदच. नवीन मिळतं पोस्टात. कोन झकास झाला, गोंद आपला आपण चिकटला, टोक सुरीने कापलं. शेपटाकडून सुरुवात केली आणि कौलांसारखा चढत गेलो. एकशे बारा खवले. एका बाजूने पत्ता दिसत होता. कु. सुजाता. दाबताना बोट बरोबर त्यावर येत होतं, म्हणून कोन फिरवून घेतला.

इतकं सुंदर काम मी कारखान्यातही केलं नसेल. जनाबाई आली, बराच वेळ बघत उभी राहिली. म्हणाली, भाऊ, खराच मासा हाय. पाण्यात सोडला तर जाईल.

१८ डिसेंबर, रविवार. सकाळी ७

मासा ठीक आहे. मुंग्या लागू नयेत म्हणून ताटाखाली पाण्याची परात ठेवली होती. पाण्यावरच आहे म्हणायचा. पाच मेणबत्त्या काढून ठेवल्या. स्वच्छ शर्ट. दारावर क्रेप कागदाची माळ. कान साफ केले.

मी कोणाचं वाईट केलं नाही. आज सगळ्यांना दिसेल.

रविवार. संध्याकाळी ७.३०

गेले.

नीट क्रमाने लिहितो, म्हणजे डोकं हलकं होईल.

चार वाजता अंजना आणि कोमल आल्या. हरेश दुकान बंद करून मागून येणार होता, आला नाही. कोमलने फुगे लावलेला फ्रॉक घातला होता. म्हणजे फुग्यासारख्या बाह्यांचा. पाया पडली. मग सरळ आत पळाली. स्वयंपाकघराच्या दाराआड बघितलं. मोरीत बघितलं. कॉटखाली वाकून बघितलं. मला वाटलं, लपाछपी खेळते. मी म्हणालो, उधर नहीं, इधर टेबल पे है. आणि ताटावरचा पेपर उचलला.

ती माशाकडे बघत राहिली. मग आईकडे. म्हणाली, मासी किधर है?

मी म्हणालो, ये क्या, मासी. इतनी बडी.

अंजनाला आधी हसू आलं. मग गेलं. म्हणाली, आबा, ती मावशीला मासी म्हणते. ती सुजाताला विचारतेय.

मी म्हणालो, लाइनमध्ये खरखर होती.

कोमल रडली नाही. रडली असती तर बरं होतं, रडणाऱ्या पोराला चॉकलेट देता येतं. ती खुर्चीवर बसली आणि खवल्यांवर बोट न लावता बोट फिरवलं. मग मला हळूच विचारलं. मला ऐकू आलं नाही. परत विचारलं. अंजनाने मोठ्याने सांगितलं. ती विचारतेय, हा मासीने पाठवलाय का?

मी म्हणालो, हां बेटा, मासी ने भेजा.

ती खूश झाली. मेणबत्त्या ताटलीत लावल्या. न फुंकताही टाळ्या वाजवल्या तिने. मग म्हणाली, तोंड कापायचं नाही, त्याला दुखेल. म्हणून पोटापासून कापला. चव चांगली होती. अंजनाने दोनदा घेतला.

सुरी धुवायला अंजना मोरीवर गेली. तिथे तो कोन पडला होता. कालच फेकायला हवा होता. ती तो हातात घेऊन बाहेर आली. गुलाबी लोणी पुसलं. पत्ता वाचला. आतून उलगडून बघितलं. आत कोरं.

म्हणाली, आबा, आमच्याकडे येते म्हणून तुम्ही तिला घर बंद केलंत. आणि मग आम्हालाच बोलावलंत.

मी म्हणालो, लिहिणार होतो. पोस्टाचा कारभार.

ती म्हणाली, ती दर पत्रात मला विचारते, आबा काही म्हणाले का? मी दरवेळी काय लिहू?

मी म्हणालो, लिही, तब्येत बरी आहे.

ती बराच वेळ काही बोलली नाही. किंवा बोलली असेल. कोमल तेव्हा फुगा वाजवत होती. जाताना कोमलने शेपटाचा तुकडा कागदात बांधून मागितला. मला वाटलं, बापासाठी. म्हणाली, मासी के लिए रखना, वो आयेगी तब. आणि माझ्याच हातात दिला.

१९ डिसेंबर, सोमवार

प्रेशर वाढल्यासारखं वाटतं. दिवसभर झोपून.

विचार केला. शब्दाची चूक होती. पोरीने मावशी म्हटलं असतं तर मला समजलं असतं. अंजनाने मुलीला मराठी शिकवायला हवी होती.

समजलं असतं तर मी काय केलं असतं, हा वेगळा प्रश्न आहे. तो आज घेत नाही.

२१ डिसेंबर, बुधवार

जनाबाई ओव्हन न्यायला आली. फडताळावर डब्यात शेपूट होतं. मुंग्यांची रांग कॅलेंडरपासून डब्यापर्यंत. ती म्हणाली, टाकू का? मी म्हणालो, नको, सुजातासाठी आहे. ती म्हणाली, पोर कवा येतेय? मी म्हणालो, कळवलं की येईल. ती म्हणाली, कवा कळवताय?

डबा पाण्याच्या परातीत ठेवला.

२३ डिसेंबर, शुक्रवार

सकाळी पोस्टात गेलो. नवीन आंतरदेशीय घेतलं. तिथेच बाकावर बसून लिहिलं, घरी नेलं तर फडताळ आहे.

चि. सुजाता हीस, आशीर्वाद. थंडी पडली आहे. कोमलचा वाढदिवस आपल्याकडे झाला. केक मी केला, माशाचा. चांगला झाला होता. वंदनेच्या मधल्या दोन ओळी मला आठवत नाहीत, तेवढ्या लिहून पाठव. कोमलने तुझ्यासाठी शेपूट ठेवलं आहे. आबा.

ये, असं लिहायचं होतं. शेवटी लिहीन म्हणून जागा ठेवली होती. तिथे सही झाली. खोडाखोड बरी दिसत नाही, म्हणून तसंच चिकटवलं.

पेटीपाशी जनाबाई भेटली, भाजीची पिशवी घेऊन. पत्र आत सरकवलं. तिथेच उभा राहिलो. ती म्हणाली, आता काय? मी म्हणालो, पडलं का बघतोय, अडकलं असेल मध्ये. तिने पेटीवर दोनदा थाप मारली. म्हणाली, पडलं भाऊ. आवाज आला ना.

मी म्हणालो, तुला आला?

ती म्हणाली, चांगला आला.

मला आला नाही.